मिसबाहचं पाणी

मिसबाहने आज पाणी प्यायलं असेल का, हा प्रश्न सकाळपासून हमीदाच्या मागे लागला होता. अंगणवाडीत बावीस पोरं एकाच वेळी बोलत होती, एकाने दुसरीच्या पाटीवर पाय दिला होता, मदतनीस ताईबाई खिचडीच्या पातेल्याशी झटत होती, आणि हमीदा हजेरीच्या वहीवर पेन टेकवून बसली होती. पोर दीडशे किलोमीटर लांब, धुळ्याला. तिच्या घशाखाली पाणी उतरलं की नाही, हे फैजपूरच्या वर सातपुड्याच्या पायथ्याशी बसून कसं कळावं?

"बाई, पोरगी धुळ्याले अन् तुमचा जीव बाटलीत," ताईबाई म्हणाली. तिला सवय झाली होती. रोज अकराच्या सुमाराला हमीदा मोबाइल काढायची आणि एकच प्रश्न विचारायची, किती बाटल्या झाल्या. पलीकडून उत्तर यायचं, एक, किंवा दीड. संध्याकाळच्या फोनवर तीन. ताईबाईला वाटायचं, पोरीला उष्णतेचा त्रास आहे. गावातही सगळ्यांना असंच काहीतरी वाटायचं. कुणी म्हणे रक्त कमी आहे, कुणी म्हणे हाडं नाजूक आहेत. हमीदाने कुणाचंच खोडून काढलं नव्हतं.

मिसबाह आठ महिन्यांची असताना तिचे हात आणि पाय सुजले होते. तळहात असे फुगले की बोटं वेगळी दिसेनात. पोर दिवसरात्र किंचाळायची, तिला मांडीवर घ्यावं तरी दुखे आणि खाली ठेवावं तरी दुखे. फैजपूरच्या एका डॉक्टरने सांगितलं, दात येताहेत. दुसऱ्याने सांगितलं, थंडी बाधली. सूज गेली, पुन्हा आली. पुढे दर हिवाळ्यात काहीतरी व्हायचंच. कधी पाठ धरायची, कधी डोळे हळदीसारखे पिवळे व्हायचे. दुसरीत असताना जळगावच्या सरकारी दवाखान्यात दोन बाटल्या रक्त चढवलं, तेव्हा कुठे पोरीच्या ओठांवर रंग आला. घरी परत येताना तिने बसच्या खिडकीतून एकेक गावाची पाटी मोठ्याने वाचत आणली होती. पुढे तिला हाच नाद लागला. मोठी होऊन काय होणार, असं विचारलं की सांगायची, कंडक्टर.

आजाराचं नाव सिकलसेल, हे हमीदाला कळलं ते यावलच्या सभागृहात, सेविकांच्या प्रशिक्षणात. समोरच्या डॉक्टरीणबाई फळ्यावर दोन आकार काढून समजावत होत्या. चांगल्या माणसाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात, या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांमध्ये अडकून बसतात. जिथे अडकतात तिथे असह्य दुखतं. थंडी, दमणूक आणि पाणी कमी पडणं, या तिन्ही गोष्टींनी ते वाढतं. आदिवासी समाजात हा आजार जास्त दिसतो. "पहिली खूण म्हणजे तान्ह्या बाळाचे हात-पाय सुजतात," बाई म्हणाल्या, आणि ते वाक्य उतरवून घेताना हमीदाचं पेन 'सुजतात' शब्दाच्या मधेच थांबलं. शेजारच्या सेविकेने तिची वही ओढून घेतली आणि विचारलं, "पुढचं लिहून देऊ का?"

मग तिघांचं रक्त तपासलं. हमीदा आणि तिचा नवरा हबीब दोघेही वाहक निघाले, म्हणजे आजार त्यांच्या रक्तात होता पण त्यांना त्याचा त्रास नव्हता. मिसबाहला दोघांकडूनही आला होता. तिला रोज गोळ्या सुरू झाल्या, आणि पाणी, पाणी, पाणी. हबीब केळीच्या कापणीच्या टोळीचा मुकादम, अंगाने दणकट, आयुष्यात कधी ताप आला नाही. तो निकालाचा कागद उलटा करून पाहत म्हणाला, "म्हंजे आपल्या दोघाईचं निम्मं निम्मं. एवढी सारखी जोडी तर पाहून बी सापडली नसती." तो हसला, आणि मग दाराबाहेर जाऊन बराच वेळ उभा राहिला.

हमीदा तेव्हापासून दुप्पट जोमाने कामाला लागली. गावात तपासणीचं शिबिर असलं की यादी घेऊन घरोघर फिरायची. वरच्या पाड्यावर चढून जायची. बायकांना सांगायची, तपासून घ्या, कार्ड घ्या, लग्न ठरवताना दोन्हीकडची कार्डं बघा, लपवू नका. बी.ए. झालेली बाई, बोलणं गोड, सेविका म्हणून अठरा वर्षांची ओळख. लोक तिचं ऐकायचे. स्वतःच्या घरातलं कार्ड मात्र तिने कपाटात गाद्यांच्या खाली ठेवलं होतं.

त्याला कारण होतं. मिसबाह आठवीपासून आश्रमशाळेत राहायला गेली. नववीत असताना शाळेत तपासणी झाली आणि कार्डं आली. मुख्याध्यापक भला माणूस होता. त्याने प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर चार मुलांची नावं घेतली, त्यांना पुढे बोलावलं आणि सांगितलं, या मुलांना कुणी पळायला लावायचं नाही, यांच्याकडून मैदान झाडून घ्यायचं नाही, यांना पाणी भरपूर द्यायचं. बोलला ते सगळं बरोबर होतं. पण त्या दिवसापासून मिसबाहला कुणी खो-खोत घेईना. शेजारच्या खाटेवरच्या मुलीने आपलं पांघरूण वेगळं केलं. त्या चौघांना नाव पडलं, बाटलीवाले. मे महिन्याच्या सुट्टीत घरी आली तेव्हा हबीबची बहीण कुठल्याशा स्थळाविषयी बोलता बोलता म्हणून गेली, "पोरगी सोन्यासारखी हाये वो, पन कार्डवाली." मिसबाह आतल्या खोलीत कैरी चिरत होती. ती चिरत राहिली. रात्री जेवताना तिने आईला सांगितलं, "माय, आता मले कुठीच कार्ड दाखवू नको. मी पाणी पीन, गोळ्या खाईन, सगळं करीन. पन दाखवू नको."

बारावीनंतर धुळ्याला बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला, आदिवासी मुलींच्या वसतिगृहात नंबर लागला. फैजपूरच्या एका दुकानात बसून ऑनलाइन फॉर्म भरताना एक रकाना आला. गंभीर आजार असल्यास तपशील. दुकानातल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "काय टाकू?"

मिसबाह आईकडे बघत होती. बोलली काहीच नाही, नुसती बघत होती.

"निरंक," हमीदा म्हणाली.

तब्येतीचा दाखला एका डॉक्टरने पोरीकडे न बघताच सही करून दिला. पोरीला निरोप देताना हमीदाने तीन अटी घातल्या. दिवसाला तीन बाटल्या पाणी, एकही गोळी चुकवायची नाही, आणि रोज संध्याकाळी फोन. मिसबाहची अट एकच होती, इथे कुणाला काही सांगायचं नाही. हे दीड वर्ष सुरळीत चाललं. गोळ्या तिने बामच्या रिकाम्या डबीत ठेवल्या होत्या आणि मैत्रिणींना सांगितलं होतं, केस वाढायच्या आहेत.

घर मात्र सुनं पडलं. मिसबाह असताना घरात सतत कुणी ना कुणी बोलत असे, कारण ती एकटीच चार जणांच्या आवाजात बोलायची. ताईबाईचं चालणं, हबीबचं टोळीवर ओरडणं, किराणा दुकानदाराचं "उद्या या", सगळं हुबेहूब करून दाखवायची. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर ठेचा इतका घ्यायची की बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. केळीला तोंड लावायची नाही. "बापाच्या अंगाला तोच वास, भाजीला तोच, आता फळ म्हणून बी तेच खाऊ का?" आता हमीदा भाकरी थापायची ती दोनच माणसांची, आणि पीठ दर दोन-चार दिवसांनी जास्तच मळलं जायचं. धुळ्याला गेल्यावर पोरीची बोलीही बदलली. पूर्वी 'मले' म्हणायची, आता 'मला' म्हणते. हमीदाला अभिमान वाटायचा, आणि फोन ठेवल्यावर तिला ते जुनं 'मले' ऐकावंसं वाटायचं. संध्याकाळच्या त्या फोनची दहा मिनिटं, तेवढीच पोर तिच्या वाट्याला उरली होती.

त्या दिवशी रमजानचा नववा रोजा होता. फेब्रुवारी संपत आला होता, पहाटे गारठा आणि दुपारी ऊन चटचट लागायचं. हमीदाचा स्वतःचा रोजा होता, घसा कोरडा पडला होता आणि त्या कोरडेपणानेच तिला पोरीची आठवण जास्त येत होती. अकराला फोन लावला, उचलला नाही. साडेअकराला लावला, नाही. बाराला लावला तेव्हा दुसराच आवाज आला.

"काकू, मी रूपा बोलस. मिसबाह निजेल शे."

रूपा पावरा, शिरपूरकडची, मिसबाहच्या खोलीत राहणारी. हमीदा तिला दोनदा भेटली होती. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, तोंडाने फटकळ.

"आता? दुपारी बाराला? कॉलेज नाही का?"

"गई नही ती आज. रोजा शे ना तिना. सकायले चारले उठनी, मंग आते निजी गई. उठाडू का?"

हमीदाला बसायला खुर्ची दिसेना. ती पोरांच्या छोट्या बाकावर बसली.

"कितवा रोजा?"

"पहिल्या दिनपासून धरी राहिनी. आम्ही तिले म्हंतं, तुनी वटवट बंद व्हयनी ते बरं व्हयनं."

घरी असताना मिसबाहने कधीच रोजा धरला नव्हता. रमजानमध्ये स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात हमीदा झाकणाची कळशी भरून ठेवायची, पोर आत जाऊन पाणी पिऊन यायची, आणि शेजारच्या बायका अशक्त आहे म्हणून सोडून द्यायच्या. घराला ते न बोलता चालवून घ्यायची सवय होती. वसतिगृहात कुणाला काही माहीतच नव्हतं, तर चालवून कोण घेणार?

संध्याकाळी अजान झाली. खजूर, पाणी, कांद्याची भजी आणि हबीबने बागेतून आणलेली केळी. हबीब पहिला घोट घेत होता तेवढ्यात मिसबाहचा फोन आला, नेहमीच्या वेळेला.

"किती बाटल्या झाल्या?" हमीदाने विचारलं.

"तीन."

"कधी कधी प्यालीस?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग, "रूपाने सांगितलं ना?"

"रूपाने सांगितलं म्हणून कळलं. नाही तर तू रोज मला तीन बाटल्या पाजत होतीस."

"माय, मी पहाटे दीड लिटर पिते. संध्याकाळी परत. नऊ रोजे झाले, काही झालं नाही."

"पाय?"

"पाय जागेवर आहेत."

"मिसबाह, आजारी माणसाला रोजा माफ आहे. कुणालाही विचार, हेच सांगतील."

"मला माहीत आहे. पण माफ का, ते सांगावं लागतं ना."

"मग सांग."

"तू सांगितलंस? फॉर्मवर?"

 हमीदाने मोबाइल दुसऱ्या कानाला लावला. हबीब भज्याचा तुकडा हातात धरून तिच्याकडे बघत होता.

मिसबाहचा आवाज खाली आला. "तुला नाही कळायचं. इथे वसतिगृहातल्या मुली विचारतात, तुझं नाव असं, मग तू आदिवासी कशी? कॉलेजात अलफिया आहे, तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान आहे, चांगली आहे मुलगी. ती एकदा म्हणाली, तुम लोग रोज़ा रखते हो क्या, हॉस्टल तो आदिवासी का है. वाईट मनाने नाही म्हणाली. पण दीड वर्ष मी दोन्हीकडे हेच सांगते आहे की आम्ही तडवी, आदिवासीही आणि मुसलमानही, आम्ही दोन्ही आहोत. कुणाला समजत नाही. गेल्या रमजानला मी बाजूलाच राहिले. या महिन्यात पहिल्यांदा कुणी काही विचारलं नाही. पहाटे आम्ही तिघी तडवी मुली उठतो, रात्रीची पोळी खातो, संध्याकाळी अलफिया डबा पाठवते. मी बसते त्यांच्यात. बस एवढंच. आता त्यात बाटली काढून बसू का?"

"मग मी वसतिगृहाच्या मॅडमला सांगते. त्या कुणाला कळू देणार नाहीत."

"शाळेतसुद्धा सर चांगलेच होते ना?" मिसबाह म्हणाली. "तू सांगितलंस तर मी परत फोन करणार नाही, माय. खरं सांगते."

फोन बंद झाला. पाच मिनिटंही झाली नव्हती.

"काय म्हनते?" हबीबने विचारलं.

"रोजे धरते. पहिल्यापासून."

"सगळे?"

हबीबच्या चेहऱ्यावर आधी अभिमान आला. तो लपवता लपवता त्याच्या मागून भीती आली. हातातलं भजं त्याने परत ताटात ठेवलं.

"तिच्या मॅडमला सांगून टाकते," हमीदा म्हणाली.

"तिले न सांगता?"

"तिला सांगून ती ऐकणार आहे का?"

"ऐकू दे नाई तर नको ऐकू दे. तुले सांगायचंच असंल तर तिले सांगून सांग. पोरीच्या मांगून काही करशीन तर ती उद्या तिचं दुखनं बी तुले सांगनार नाई." मग तो थोडा हसला. "गावभर लपवू नका म्हनत फिरते, अन् घरात गादीखालचं आपलं कार्ड हालू देत नाई. पोर तुझ्यावरच गेली."

हमीदाला राग आला, कारण ते खरं होतं. ती भांडी घासायला उठली.

पुढचे दोन दिवस संध्याकाळचा फोन आला, पण लहानसा. जेवलीस का, जेवले. अभ्यास, चालू आहे. बाटल्यांचं दोघींनीही काढलं नाही. हमीदा आवाजावरून काही अंदाज लागतो का ते बघत राहायची. पोरीला दुखत असलं की ती शब्द तोडून बोलते, लहानपणापासून. दुसऱ्या दिवशी 'अभ्यास' आणि 'चालू आहे' यांच्यामध्ये एवढी जागा होती की हमीदाने विचारलं, "बसून बोलतेस की झोपून?" मिसबाह म्हणाली, "बसून." खाटेचा करकरण्याचा आवाज आला.

त्या रात्री हमीदाने ठरवलं की रविवारी सकाळच्या बसने जायचं. भुसावळ, जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळे. मनात ती जाऊनही आली. वसतिगृहाच्या पायऱ्यांवर पोर बसली आहे, आपण पिशवीतून कळण्याच्या भाकरी काढतो आहोत, पोर ठेचा मागते आहे. रविवारला अजून तीन दिवस होते.

बाराव्या रोजाला दुपारी ती अंगणवाडीत वजनं घेत होती. एक पोरगं काट्यावर उभं राहायला तयार नव्हतं आणि ताईबाई त्याला म्हणत होती, "उभा राय रे, तुले इकनार नाई कोनी." तेवढ्यात मोबाइल वाजला. अनोळखी नंबर.

"काकू, मी रूपा. मन्या मोबाइलवरून बोलस. मिसबाहले सांगू नका मी फोन करा म्हणीसन."

हमीदा बाहेर ओट्यावर आली. "बोल."

"काल ती जिना चढता चढता दुसऱ्या मजल्यावरच बसी गई. पाय मुरगळना म्हने. पन काकू, एक पाय मुरगळस. दोन्ही कसा मुरगळतीन? रातभर ती कन्हत होती, उशी तोंडवर धरीसन. आज डोळा बी पिवळा दिखी राहिनात."

"आज रोजा सोडला?"

"नही ना. मी पानी दिधं ते म्हने, संध्याकायले पिसू."

हमीदाने ओट्याचा खांब धरला. उन्हाने तो तापला होता.

"आनि काकू, त्या गोळ्या..."

"कसल्या गोळ्या?" हमीदाच्या तोंडून सवयीने निघालं.

"त्याच. केसंन्या गोळ्या." रूपा थोडी हसली, मग थांबली. "मना मोठा भाऊ त्याच गोळ्या खास, पाच वरीस व्हयनात. मी ते पहिलाच दिन वळखी लिधात. तिले चिडावाकरता एक मांगीबी पाहिनी, म्हंतं मनाबी केस वाढू दे."

"मग तू बोलली का नाहीस?"

"ती सांगस नही, मंग मी कसाले सांगू? तिले वाटी तवय सांगी. आमना पाडामा बठ्ठासले माहीत शे भाऊनं, कोनी काही म्हनत नही. पन काकू, मॅडमले माहीत नही ना. रातले काही व्हयनं ते गाडी मॅडमच बोलावस. आनि मॅडमले वाटी पाय मुरगळेल शे, ते मलम दीसन निजाडी देतीन."

हमीदाने विचारलं, आता मिसबाह कुठे आहे. खोलीतच, रूपा म्हणाली, पांघरूण घेऊन. भरदुपारी.

"तू तिच्याजवळच बस," हमीदा म्हणाली. "कॉलेजला जाऊ नको आज. नाही ना जाणार?"

"नही जास काकू. तिन्याजवळच बसेल शे."

फोन ठेवल्यावर हमीदा तिथेच ओट्यावर बसली. आत ताईबाईचा आवाज, पोरांचा आवाज, खिचडीचा वास. तिला ते सगळे हिवाळे आठवले नाहीत, दवाखाना आठवला नाही. तिला जाणवलं की दीड वर्ष ज्या एका गोष्टीवर तिने आणि पोरीने मिळून झाकण ठेवलं, ती शेजारच्या खाटेवरच्या मुलीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. त्या मुलीने पांघरूण वेगळं केलं नव्हतं. झाकण राहिलं होतं ते फक्त ज्यांनी रात्री गाडी बोलवायची त्यांच्यासमोर. आणि ते झाकण पोरीने ठेवलेलं नव्हतं. दुकानातल्या माणसाने विचारलं तेव्हा पोर तर बोललीही नव्हती.

रविवार लांब होता. आताची बस धरली तरी पोचायला अंधार पडला असता, आणि विळ्यासारख्या त्या पेशी बसच्या वेळापत्रकाची वाट बघत बसत नाहीत, हे ती दुसऱ्यांच्या लेकरांबद्दल कितीदा तरी समजावून सांगत आली होती. हबीब बागेत होता, कापणी चालू असली की त्याला फोन ऐकू येत नाही. विचारायला कुणी नव्हतं. पोरीने परत फोन केला नाही तर? हमीदाने तो विचार शेवटपर्यंत करून पाहिला. संध्याकाळ झाली, अजान झाली, मोबाइल ताटाशेजारी पडलेला, आणि वाजत नाही. उद्याही नाही. ईदलाही नाही.  तरी त्या विचारात एक गोष्ट होती. त्यात पोर कुठेतरी रागावून बसलेली होती, आणि रागावायला तिला श्वास पुरत होता.

तिने व्हॉट्सअ‍ॅप उघडलं, मिसबाहच्या नावावर बोट ठेवलं आणि बोलायला सुरुवात केली. आवाज कोरडा होता, पहाटेपासून घशाला थेंब नव्हता.

"मिसबाह, मी आता तुझ्या मॅडमला फोन करते आहे. त्यांना सगळं सांगणार आहे, आणि तुला आज दवाखान्यात न्यायला सांगणार आहे. हे तुझ्या मागून करत नाही, म्हणून आधी तुला सांगते. पहिल्या दिवशी खोटं मी सांगितलं, तू नाही. तू रागव. बोलू नको माझ्याशी. रूपाने तुला पाणी दिलं तर पी, आणि रोजा माझ्या नावावर लाव, त्याचा जबाब मी देईन."

दोन खुणा उमटल्या. थोड्या वेळाने निळ्या झाल्या. नावाखाली 'टाइप करत आहे' असं दिसलं, पुसलं गेलं, पुन्हा दिसलं. हमीदा बघत राहिली. मग ते पुसलं गेलं आणि परत आलं नाही.

"बाई, पोरं जेवायची वाट पाहू राह्यली," ताईबाईने दारातून डोकं काढलं. हमीदाचा चेहरा बघून ती बाहेर आली. "काय झालं? मिसबाहचं काई हाये का?"

"हो," हमीदा म्हणाली. "सांगते तुम्हाला. सगळंच सांगते. आधी तुम्ही पोरांना वाढून घ्या, मला एक फोन करायचा आहे."

वसतिगृहाच्या गृहपाल मॅडमचा नंबर तिने प्रवेशाच्या दिवशीच साठवून ठेवला होता आणि दीड वर्षात एकदाही लावला नव्हता. तिने तो शोधून काढला, पदर सारखा केला, जणू बाई समोरच बसल्या आहेत, आणि नंबरवर बोट ठेवलं.